जर्मनांना लागलेली चटक

माझे सासरे आक्सेल जर्मन बिअरला तोंड लावत नाहीत. त्यांना डॅनिशच लागते. पण आमच्या डेन्मार्कात करामुळे ती महाग, म्हणून दर महिन्याला मला गाडी काढायला लावून ते सीमेपलीकडच्या जर्मन दुकानातून डॅनिश बिअरचे खोके आणतात. काल तिथे आम्ही गाडीला जागा शोधत होतो, तेवढ्यात रेडिओवर बातमी लागली, जर्मनीला जाणारी आपली बिअर यंदा आणखी वाढली.

"बघ बोडिल," सासरे खुलले, "लागली ना जर्मनांना चटक? आले शेवटी वठणीवर."

"तर काय, बाबा," म्हणत मी डॅनिश नंबरप्लेटांच्या रांगेत गाडी घुसवली.



दुकानात जर्मन माणूस एकच होता. गल्ल्यावर बसून सफरचंदाचा रस पीत होता.