शिवलेली बाही

आजोबा धंद्याने शिंपी आणि स्वभावाने महाखोडकर. घरात कुणी नवा कपडा घालायला घेतला, की त्याची एक बाही हमखास आतून शिवून बंद केलेली असायची. हात अडकला, की आजोबा पोट धरून हसायचे.

त्यांना जाऊन वर्ष झालं. दुकान आता नात चालवते. आज दुपारी तिने स्वतःचा कोट शिवून हातावेगळा केला, लगेच अंगात चढवला, आणि तिचा हात बाहीत अडकला. सवयीने ती आधी हसलीच.

“आई, तुझंच काम ना हे?”

“मला सुईचं नेढं तरी दिसतं का गं?”

नातीने बाही उलटवली. आजोबा दोरा कात्रीने कधी कापत नसत, दाताने तोडायचे. तिने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

ते अजून ओलं होतं.