कोतवाल जेवत नाही

वैदेहीचे सासरे विष्णुशास्त्री अन्नावर राग काढत होते. मुलगा विश्वेश काशीचा दुर्गाघाट सोडून पुण्याला बदली घेतोय, म्हणून खोलीतच दूध-केळं खायचे. तेव्हापासून घरच्या कुत्र्यानेही, कोतवालाने, वाडग्याला तोंड लावलं नव्हतं.

आज विश्वेशने तिसऱ्या कंपनीचं, सगळ्यात भारी डॉगफूड आणलं. कोतवालाने नुसतं हुंगलं आणि शास्त्रींच्या रिकाम्या पाटाशी जाऊन बसला.

शास्त्री दारातून बघत होते. "सूनबाई, माझं पान वाढ."

त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या, पहिला घास घेतला. मागे वाडग्यात कुडुमकुडुम सुरू झालं.

समोर बसलेल्या विश्वेशकडे न बघता ते वैदेहीला म्हणाले, "नवऱ्याला सांग, मी या कोतवालासाठी जेवतोय. राग गेलेला नाही. आणि भातावर तूप वाढ म्हणावं."