कोरडा कोपरा

तिच्या मैत्रिणीने वस्तीला हाताशी धरून शाळेची भिंत रंगवली आणि कोपऱ्यात झोकात सही ठोकली. उन्हापासून रंग वाचवणारं वॉर्निश लावायचं काम मात्र नेहमीप्रमाणे तिच्या वाट्याला आलं. चोरून भिंती रंगवायला दोघींनी एकत्रच सुरुवात केली होती. मैत्रिणीचं नाव झालं, ती मात्र शिडी धरत राहिली. आज तिने भिंतभर वॉर्निश लावलं, सहीचा वीतभर कोपरा तेवढा कोरडा ठेवला. दोन उन्हाळ्यांत नाव उडेल. मैत्रिणीने येऊन कोपऱ्यावर बोट फिरवलं. “इथे राहिलं की गं!” तिने ब्रश खाली ठेवला. मैत्रीणच पुढे म्हणाली, “बरं झालं म्हणा. वॉर्निशवर रंग धरत नाही.” मैत्रिणीने आपल्या सहीखाली तिचं नाव लिहिलं. “वीस वर्षं राहूनच गेलं बघ. आता मार वॉर्निशचा हात.” तिने डोळे पुसले, रंग वाळल्यावर ब्रश उचलला आणि दोन्ही नावांवर बोटं ठेवून मापून पाहिलं. “माझी अक्षरं लहान का गं?”