शेवट नीट वाचा

सोलापुरात सत्कार म्हटलं की टॉवेल-टोपी आलीच. आमच्या वाचकांच्या ग्रुपनं मात्र ठरवलं होतं, यापुढे टॉवेल बंद, द्यायचं तर पुस्तकच. आणि मिळालेलं पुस्तक वाचून ग्रुपवर अभिप्राय टाकायचा, मग ते पुढच्याला द्यायचं.

रावसाहेब निवृत्त झाले तेव्हा ग्रुपमधले लेखक उदयसिंह यांनी त्यांना गिफ्ट पेपरात गुंडाळलेलं खोकं दिलं. दुसऱ्या दिवशी रावसाहेबांचा अभिप्राय आला, "उदयसिंहांची नवी कादंबरी एका बैठकीत संपवली. शेवट चटका लावून गेला."

खोकं वैष्णवीताईंच्या वास्तुशांतीला गेलं. त्यांनी लिहिलं, "नायिका शेवटी नवऱ्याला सोडून एसटीत बसते, तिथं मला रडूच आवरेना."

मग ते धम्मप्रिया मॅडमना प्रमोशनला मिळालं. त्या भडकल्याच. "एसटीत बसते कुठं? स्टँडवरून परत फिरते ती. शेवट नीट वाचा!"

दोघींचं बोलणं बंद झालं. तेवढ्यात माझ्या वाढदिवसाला खोकं माझ्याकडं आलं. भांडण एकदाचं मिटवावं म्हणून मी कागद फाडला.

आत टॉवेल आणि टोपी.

मी तडक उदयसिंहांना फोन लावला. "अहो, कादंबरी कुठंय?"

"लिहितोय की अजून. त्या दिवशी सवयीनं टॉवेलच दिला गेला बघा."

"मग ग्रुपवर बोलला का नाही?"

 

"शेवटच सुचत नव्हता हो. तेवढं दोघींना विचारून सांगा की, तिला एसटीत बसवू का परत फिरवू?"