हरित वाहनाची जागा

मुलुंडच्या त्या सोसायटीत फाटकालगतची सावलीची जागा गेली बावीस वर्षे श्यामकांतांच्या स्कूटरची होती. ती आता ‘हरित वाहना’ला द्यावी, असा अर्ज तिसऱ्या मजल्यावरच्या देवेशने केला होता; त्याची नवी गाडी पेट्रोलवर तशीच इथेनॉलवरही चालणारी होती.

“काका, तुमची स्कूटर धूर ओकते,” देवेश भरसभेत म्हणाला. “माझ्या टाकीत पंच्याऐंशी टक्के इथेनॉल. उसाच्या रसावर पळते म्हणा ना.”

सगळे हसले. पॉलिटेक्निकात इंजिने खोलून हात काळे केलेले श्यामकांत तेवढे हसले नाहीत. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

“अ‍ॅव्हरेज किती देते?”

“अठरा. साध्या पेट्रोलवर द्यायची तेवढंच. काही फरक नाही.”

“इथेनॉलमध्ये मुळात ऊर्जाच कमी असते, देवेश. पंच्याऐंशी टक्के भरलंस, तर अठराचे चौदा व्हायलाच हवेत. होत नाहीत, याचा अर्थ तू ते कधी भरलेलंच नाहीस.”

देवेशने चिटणीसांकडे पाहिले. चिटणीस अर्जाकडे पाहत राहिले.

“आपल्या बाजूला त्याचा पंप आहे कुठे काका?” तो अखेर पुटपुटला. “पण गाडी चालू शकते ना त्याच्यावर.”

“उपास मीही करू शकतो,” स्कूटरची किल्ली उचलत श्यामकांत म्हणाले. “करत नाही, म्हणून पुण्यही मागत नाही.”