यादीतलं शेवटचं नाव

टॅम आतून बाहेर आला आणि कुणाकडेही न बघता आपले बूट वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. म्हणजे त्यालाही सोडलं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बालकर्न फुटबॉल क्लबच्या मैदानावर हेच चालायचं. मॅनेजर एकेकाला खोलीत बोलवायचा. ज्याला पुढच्या मोसमासाठी ठेवलं, तो सही करून शिट्टी वाजवत यायचा. बाकीचे बूट घेऊन घरी जायचे. टॅम गेला आणि बाकावर दोघेच उरले: मघाशीच सही करून आलेला गोलरक्षक शग आणि वॉटी ड्रायबरा.

"तुला शेवटी ठेवलंय," शग म्हणाला. "गोड शेवटीच वाढतात, म्हाताऱ्या."

"तोंड आवर, शग."

"पंधरा वर्षं एकाच क्लबात! तुला हलवायचं तर आधी प्रेक्षकांचा मंडप पाडावा लागेल."

वॉटी हसला नाही. चौतीस वर्षांचा बचावपटू कुणाला हवा असतो? सीमेपलीकडच्या इंग्लंडमधल्या क्लबांनी दोनदा मागणी घातली होती, दोनदा त्याने नाही म्हटलं होतं. बायको नेटी आणि मुली राहत होत्या ते घर क्लबचं होतं. आज सही झाली नाही तर ते जूनच्या आत रिकामं करायचं आणि पुन्हा कोळशाच्या खाणीत उतरायचं. ज्या थरात त्याचे वडील गाडले गेले, तिथेच अजून काम चालू होतं. 

त्यात नवा मॅनेजर रेनी.

नऊ वर्षांपूर्वी रेनी समोरच्या संघाचा डाव्या कडेने चढाई करणारा विंगर होता. वाऱ्यासारखा पळायचा. विसाव्या मिनिटाला वॉटीने त्याला आडवा केला. पायाचं हाड मोडल्याचा आवाज शगने गोलमध्ये उभं राहून ऐकला होता. रेनी पुन्हा कधी खेळला नाही. चिखल फार होता, लोक म्हणाले. पंचांनीही अपघात असंच लिहिलं. सामन्याआधी जुना मॅनेजर वॉटीच्या कानाशी लागून म्हणाला होता, "हा पोरगा मैदानातून उचलूनच न्यावा लागला पाहिजे." हे फक्त त्या दोघांना ठाऊक होतं आणि त्यातला एक आता कबरीत होता.

जानेवारीत रेनी काठी टेकत क्लबात आला. तेव्हापासून तो वॉटीशी कामापुरतंच बोलत होता. रोज सरावाच्या वेळी वॉटीला ती नजर पाठीवर जाणवायची.

"ड्रायबरा!"

वॉटी उठला. 

"जा रे," शग हळूच म्हणाला. "खात नाही तो तुला."

खोलीत कोळशाचा धूर कोंडला होता. रेनी बस म्हणाला नाही. त्याचा आखडलेला पाय टेबलाखालून पुढे आला होता. वॉटीने तिकडे बघायचं टाळलं. मग ते जमेना.

"साहेब, त्या दिवशी... तो अपघात नव्हता."

"ठाऊक आहे."

"मला तसं करायला सांगितलं होतं."

"तेही ठाऊक आहे. तुमचा म्हातारा मॅनेजर मरायच्या आधी माझ्या घरी आला होता. माफी मागायला." रेनीने एक कागद पुढे सरकवला. "घे. कर सही."

वॉटीने कागद पाहिला. पुढचा पूर्ण मोसम. त्याला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय.

"तुम्ही मला ठेवताय?"

"का नको? सांगितलेलं करणारी माणसं फार थोडी असतात, वॉटी. बाकीचे विचार करत बसतात."

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याने नावाने हाक मारली होती. वॉटीच्या छातीतलं ओझं उतरू लागलं होतं, तेवढ्यात रेनी पुढे म्हणाला, "ऑगस्टात पहिलाच सामना किर्कबँकच्या संघाशी आहे. त्यांचा नवा विंगर पाहिलास? वीस वर्षांचा आहे. मी पळायचो तसाच पळतो."

त्याने टाक वॉटीपुढे धरला. 

खिडकीतून क्लबच्या घरांची धुराडी दिसत होती. नेटीने चहाचं आधण ठेवलं असेल. मुली दारात वाट बघत असतील.

वॉटीने सही केली. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. टाक खाली ठेवून त्याने विचारलं,

"कुठला पाय, साहेब?"