तारेची खूण

शेवंताने सहावीचं गणिताचं पुस्तक दोनदा सुरू केलं होतं आणि एकदाही संपवलं नव्हतं. आईबाप बिगारी; इमारत उभी राहिली की बिऱ्हाड हलायचं. भायखळ्याच्या बाईंनी पहिल्या पानापासून शिकवलं, नायगावच्या बाईंनीही मायेने पुन्हा पहिलंच पान उघडलं. अपूर्णांक आले की सामान न्यायला टेम्पो हजर. आता डिलाईल रोडवर, बांधकामाच्या पत्र्याआड भरणाऱ्या वर्गात, नव्या बाई म्हणाल्या, “घाबरू नकोस गं, अगदी सुरुवातीपासून करू.” पंधरा वर्षांच्या शेवंताने पिशवीतून आपलं पुस्तक काढलं आणि सळ्या बांधायच्या तारेची खूण घातलेलं पान उघडून बाईंच्या पुस्तकावर ठेवलं. “सुरुवात लई झाली, बाई. इथून शिकवा.” बाईंनी खडू उचलला. मग विचारलं, “इथं किती दिवस आहात?” शेवंताने इमारतीकडे बघितलं. “अकरा स्लॅब राहिलेत. धडे नऊच.”